सराफाच्या दारातली पायरी

फार जुन्या काळी, नद्यांवर अजून पूल बांधले जात नव्हते तेव्हा, एका नदीकाठी एक नगर होतं. नगर लहान, पण भांडणं मोठी. त्यातही जत्रेतल्या जागांची भांडणं फार. ‘ही जागा माझी’, ‘नाही, माझ्या आजोबापासून माझी’ असं म्हणत फुलवाल्या आणि बांगडीवाल्या एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि ते भांडण पुढच्या जत्रेपर्यंत पुरायचं.

शेवटी तिथल्या एका राजानं यावर तोड काढली. दर वर्षी जत्रेच्या दिवशी नगराच्या चितारीनं चौकातल्या वडाच्या पारावर बसायचं आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत जे दिसेल ते कापडावर उतरवायचं. कोण कुठे बसलं, कुणाच्या दुकानाचं पाल कुठवर आलं, कुणाच्या दारात कोण उभं होतं. ते चित्र वर्षभर न्यायसभेच्या भिंतीवर टांगलेलं असे. भांडण आलं की न्यायाधीश नुसतं चित्राकडे बोट दाखवायचे, की दोन्ही बाजू गप्प. लोक त्या चित्राला साक्षचित्र म्हणत.

चितारीला नियम दोनच होते. बसल्या जागेवरून उठायचं नाही, आणि जे दिसलं नाही ते काढायचं नाही. नियम मोडला तर भर चौकात त्याचा कुंचला मोडायचा. नियम करणाऱ्या राजाला स्वतःला कधी दिवसभर उन्हात बसावं लागलं नव्हतं, हे उघडच आहे.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी पारावर एक तरुण चितारीण बसली होती. तिचे वडील नगराचे जुने चितारी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि त्यांनी आपला कुंचला लेकीच्या हातात दिला. त्या कुंचल्याची लाकडी दांडी वर्षानुवर्षं धरून मधोमध झिजली होती. तिचं बोट त्या खोलगट जागी नीट बसायचं नाही, कारण ती जागा वडिलांच्या बोटानं केलेली होती.

तिचा हात चांगला होता, पण मनात धाकधूक फार. लोक येता-जाता म्हणायचे, “म्हाताऱ्याच्या चित्रात कोपरा न् कोपरा बोलायचा हो! बघू आता पोरीला काय जमतंय ते.” बोलणारे बोलून पुढे जायचे. ते वाक्य मात्र तिच्याजवळच राहायचं.

जत्रेच्या सकाळी तिनं आधी भिंती, दारं, ओटे असं न हलणारं सगळं काढून घेतलं. मग मांडीवर एक फळी घेऊन तिच्यावर कोळशानं माणसं टिपायला लागली, संध्याकाळी ती रंगांत कापडावर घ्यायची होती. माणसं काही चितारणीसाठी थांबत नाहीत. न्हाव्यानं गिऱ्हाइकाचं नाक धरून मान वर केली, ते टिपलं. फुलवाली टोपलीवर वाकून शेवंती निवडत होती, तिची पाठ टिपली. एक गृहस्थ नवा फेटा बांधून आले होते आणि आपण चित्रात यावं म्हणून पारासमोरून पुन्हा पुन्हा जात होते. तिनं त्यांनाही घेतलं, म्हणजे एकदाचे जातील. तरी ते गेले नाहीत.

माध्यान्हीला देवळात महाप्रसादाची घंटा झाली. बघता बघता चौक रिकामा झाला. दुकानदारांनी दारं नुसती ओढून घेतली आणि सगळे पंगतीला पळाले. पारावर चितारीण एकटी. रंगाचं पाणी आटलेलं, घशाला कोरड पडलेली. ‘कुणी नाहीच चौकात, तर काढायचं तरी काय?’ असं म्हणून ती उठली. मांडीवरची फळी बगलेत मारून, मडकं घेऊन ती मागच्या गल्लीनं घाटावर गेली.

ती पाणी प्यायली, तिनं मडकं भरलं, आणि वळून पाहिलं तर एक हमाल घाट चढत होता. एका व्यापाऱ्याची नाव लगेच सुटायची होती, म्हणून महाप्रसाद सोडून तो एकटाच माल उतरवत होता. पाठीवर पोतं, कंबरेत वाकलेला, एक पाय वरच्या पायरीवर आणि सगळं अंग त्या एका पायावर पेललेलं. चितारणीचा हात आपोआप फळीवर गेला. कोळशाच्या चार फटकाऱ्यांत हमाल उतरला. हमालाला ती दिसलीच नाही. पोत्याखाली वाकलेल्या माणसाला पायाखालच्या पायरीशिवाय काही दिसत नाही.

ती परतली तेव्हा पंगत उठत होती. आपण जागा सोडली होती हे कुणालाच कळलं नाही, म्हणून तिला बरं वाटलं.

संध्याकाळी रंग भरून झाले आणि तिनं लांबून चित्र पाहिलं. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त एक कोपरा रिकामा होता, सराफाच्या दारापुढचा. दिवसभर तिथे टिपण्याजोगं कुणी थांबलंच नव्हतं. हसऱ्या तोंडातला पडलेला दात दिसावा तसा तो कोपरा दिसत होता. आता लोक म्हणणार, म्हाताऱ्याच्या चित्रात कोपरा न् कोपरा बोलायचा.

तिनं फळीवरचा हमाल पाहिला. तो त्या जागी अगदी नेमका बसत होता.

‘एका हमालानं कुणाचं काय बिघडणार आहे?’ ती स्वतःशी म्हणाली आणि तिनं हमालाला घाटावरून उचलून सराफाच्या दारात ठेवलं. पण त्याचा वर उचललेला पाय अधांतरी दिसायला लागला. मग तिनं त्या पायाखाली एक पायरी काढली. छान काळ्या दगडाची, कडा थोडी झिजलेली. आता पाय टेकला, हमाल उभा राहिला आणि कोपरा भरला.

लोकांनी चित्र पाहिलं आणि वाहवा केली. “हमाल बघा हमाल! आत्ता चढून जाईल!” सराफानं तर आपलं दुकान इतकं देखणं कधी पाहिलंच नव्हतं. चितारणीनं घरी जाऊन वडिलांना सांगितलं, “आबा, लोक खूश आहेत.” म्हाताऱ्यानं चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यासाठी तिनं आणखी चार हमाल काढले असते.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे गिऱ्हाईक आलं. सराफानं पेटी उघडली आणि तो मटकन खाली बसला. पेटीतला रत्नहार नव्हता. जत्रेच्या दिवशी सराफ दुकानातून हलला होता तो फक्त महाप्रसादाला. म्हणजे चोरी तेव्हाच झाली.

“त्यात काय, साक्षचित्र बघू,” लोक म्हणाले. बघितलं. सराफाच्या दारात साऱ्या चित्रात एकच माणूस होता, पाठीवर पोतं आणि पाय पायरीवर.

घटकाभरात शिपायांनी हमालाला धरून आणलं.

“मी घाटावर होतो, महाराज,” तो न्यायाधीशांना म्हणाला. “नाव खाली करत होतो. त्या अंगाला फिरकलोसुदीक नाही.”

“कोणी पाहिलं तुला?”

“नाववाले होते. ते गेले नदीनं खाली. बाकी समदं गाव पंगतीला होतं.”

न्यायाधीशांनी चित्राकडे बोट दाखवलं. हमाल चित्राकडे बघत राहिला. आपलंच अंग, आपलंच पोतं, आपलीच वाकलेली कंबर. लोक हसले. कुणी म्हणालं, “पोतं घेऊन गेला म्हणजे अख्खं दुकान भरून आणायचा बेत होता.” आणि निकाल झाला. अमावास्येला चौकात त्याच्या कपाळावर डाग द्यायचा आणि त्याला वेशीबाहेर काढायचं. डागलेल्या हमालाच्या डोक्यावर कुठल्याच गावात कुणी ओझं देत नाही. म्हणजे त्याचं पोटच कापलं म्हणायचं.

ही बातमी चितारणीला पाणवठ्यावर कळली. नुसती रिकामी घागर कमरेवर घेऊन ती घरी आली.

आता मनाचे खेळ पाहा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘घाटावरून तो नंतर चौकात गेलाही असेल, मला काय माहीत?’ पण पोतं पाठीवर घेऊन पंगत उठायच्या आत तो चौकात पोहोचूच शकला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘खरा चोर सापडेलच की.’ तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मी बोलले तर साक्षचित्रावरचा सगळ्यांचा विश्वास उडेल. नगराच्या भल्यासाठी गप्प बसलेलं बरं.’ माणूस स्वतःसाठी भ्यायला लागला की त्याला नगराचं भलं फार आठवतं. चंद्र रोज झिजत होता आणि ती रोज संध्याकाळी तो बघत होती. जेवायला बसली की घास तोंडात फिरायचा. वडील विचारायचे, “बरं नाही का गं?” ती म्हणायची, “उन्हानं झालंय.”

अमावास्येच्या आदल्या दिवशी दारात एक बाई येऊन उभी राहिली. ती हमालाची बायको होती. चितारणीला वाटलं, आता ही रडेल, शिव्याशाप देईल. तिनं तसं काहीच केलं नाही.

“बाई, एकच विचारायला आले,” ती म्हणाली. “तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत त्याला. तो चढला तेव्हा त्याचं तोंड कसं होतं? भ्यालेलं होतं का?”

चितारीण म्हणाली, “का विचारता?”

“इतकी वर्षं संसार केला, मला त्यानं फुटकी कवडी लपवली नाही. तो म्हणतो, मी नव्हतो. पण चित्र काय खोटं बोलतं होय? मग म्हटलं, त्याचं तोंड भ्यालेलं असेल तर पोरांसाठी केलं असेल त्यानं. तेवढं सांगा. म्हणजे मी त्याला माफ करीन आणि त्याच्यासंगं वेशीबाहेर जाईन.”

बाई उत्तराची वाट बघत थांबली, मग पदर सावरून निघून गेली. आपल्या एका पायरीनं नगराचा विश्वास तर त्याच्यावरून उडालाच होता, पण त्याच्या बायकोचासुद्धा उडाला होता. ते तिला सहन होईना. ती तशीच ओट्यावर वडिलांपाशी गेली आणि घाट, हमाल, रिकामा कोपरा, पायरी, सगळं सांगून मोकळी झाली.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कोपरा रिकामा होता म्हणून?”

“तुमच्या चित्रात कोपरा न् कोपरा भरलेला असायचा, आबा.”

“कोण म्हणतं? माझ्या चित्रांत रिकाम्या जागा किती होत्या! कुणी विचारलं तर मी सांगायचो, तिथे कुणी नव्हतं. लोकांना भरलेलं तेवढं लक्षात राहतं, पोरी.”

ती रडायला लागली. “उद्या मी सांगणार आहे. पण कुंचला मोडतील, आबा. तुमचा कुंचला. मी दुसरा घेऊन जाऊ का? कुणाला काय कळणार?”

वडिलांनी हात पुढे केला. तिनं कुंचला त्यांच्या हातात दिला. त्यांचं बोट झिजलेल्या जागी जाऊन बसलं. थोड्या वेळानं त्यांनी तो परत केला. “हाच ने. एक खोटं निस्तरायला जाते आहेस, दुसरं कशाला बरोबर घेतेस?”

अमावास्येच्या दिवशी चौकात शेगडी पेटली होती. तीत डागणी लाल झाली होती. हमालाला खाली बसवलं होतं, आणि त्याची बायको गर्दीच्या कडेला गाठोडं घेऊन तयार उभी होती. चितारीण पुढे आली. तिनं सांगायचं ते सांगितलं. पाण्यासाठी मी जागा सोडली. हा माणूस मला घाटावर दिसला, पंगत चालू असताना. चौकात मी त्याला पाहिलंच नाही.

तिला वाटलं होतं, लोक चिडतील. लोक चिडले, पण भलत्याच गोष्टीवर. “बाईमाणूस, दया आली असेल,” कुणी म्हणालं. “हमालाच्या बायकोनं पाय धरले असतील,” दुसरं म्हणालं. फुलवाली तर अंगावरच आली. “म्हणजे चित्र खोटं? मग माझी जागाही खोटी का? चित्रानंच मिळालीय ती मला! ऐकू नका हिचं!”

न्यायाधीश म्हणाले, “मुली, तुझं मन मऊ आहे. पण इथे तुझ्या शब्दाविरुद्ध तुझंच चित्र उभं आहे. चित्र तू तेव्हा काढलंस, बोलते आहेस आता. आम्ही चित्राचं मानतो.” आणि त्यांनी डागणीवाल्याला खूण केली.

खरं बोलायची भीती वाटते हे तिला माहीत होतं. बोललेलं खरं कुणी मानणार नाही, ही भीती तिला नवीन होती. ती धावत जाऊन न्यायाधीशांपुढे उभी राहिली.

“महाराज, डाग नंतर द्या. आधी एकदा सराफाच्या दुकानात चला. चित्राइतकाच दुकानावरही विश्वास ठेवा.”

न्यायाधीश कुरकुरले, पण दुकान समोरच होतं. न्यायसभेतून चित्र आणून दोघांनी धरलं. पुढे न्यायाधीश, मागे सगळा चौक. न्यायाधीशांनी सराफाच्या दाराशी येऊन, चित्रात रोज पाहिलेली ती काळ्या दगडाची पायरी चढण्यासाठी रुबाबात पाय उचलला.

पाय हवेत गेला. पायरी नव्हती. न्यायाधीश थेट सराफाच्या गादीवर जाऊन उपडे पडले, आणि त्यांची पगडी तराजूच्या पारड्यात जाऊन बसली.

कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते. सराफाचा उंबरा रस्त्याला लागून सपाट होता. तिथे कधीच पायरी नव्हती.

“अहो,” न्यायाधीश उठता उठता सराफावर ओरडले, “तुमच्या दाराला पायरी नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

सराफ आपल्याच दाराकडे बघत राहिला. “ठाऊक होतं, महाराज. पण चित्रात होती ना.”

“ती मी काढली,” चितारीण म्हणाली. “याचा पाय घाटाच्या पायरीवर होता. इथे आणल्यावर तो अधांतरी राहिला, म्हणून मी पायरी काढली. पायरी जितकी खरी, तितकाच तो इथे असल्याचं खरं. आणि महाराज, चोर आला तेव्हा मी पारावर नव्हते. असते, तर तो कदाचित दिसला असता.”

शेगडीवर पाणी ओतलं गेलं. हमालाच्या विरुद्ध त्या चित्राखेरीज काहीच नव्हतं, त्यामुळे त्याला सोडलं. तो बायकोपाशी गेला. ती त्याच्याकडे बघू शकेना, गाठोडं खाली ठेवून ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. त्यानं गाठोडं उचलून पाठीवर टाकलं आणि म्हणाला, “चल घरी.” चितारणीला तो एक शब्दही बोलला नाही. तिनं तशी अपेक्षाही केली नव्हती.

मग नियमाप्रमाणे तिचा कुंचला मोडला. झिजल्या जागी पटकन मोडला. त्याचा आवाज फार लहान झाला, पण तिकडे घरच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं तो ऐकला असावा, असं तिला आयुष्यभर वाटत राहिलं.

हार सापडला का, असं तुम्ही विचाराल. नाही सापडला. ज्या घटकेला पाहायला हवं होतं त्या घटकेला पाहणारं कुणी नव्हतं, मग तो सापडणार कसा?

पुढची जत्रा जवळ आली तेव्हा नव्या चितारीचा शोध सुरू झाला. नावं पुष्कळ निघाली. तेव्हा सगळ्यांत आधी तोंड उघडलं ते त्या फुलवालीनं, जी सगळ्यांत जास्त ओरडली होती. “तिलाच बसवा,” ती म्हणाली. “खोटं कुणालाही काढता येतं. ही निदान काढलं तर सांगते.”

चितारीण नवा कुंचला घेऊन पारावर बसली. उजाडताच हमालाची बायको आली आणि पाण्यानं भरलेला माठ तिच्या हाताशी ठेवून निघून गेली. त्या दिवशी चितारीण जागची हलली नाही.

संध्याकाळी सराफ चित्र बघायला आला. त्याच्या दारापुढचा कोपरा रिकामाच होता.

“अहो बाई, माझ्या दारात कुणीच नाही? निदान एखादं कुत्रं तरी काढा.”

“कुत्रं आलं नाही,” चितारीण म्हणाली, आणि तिनं कुंचला धुवायला घेतला.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: जे पाहिलं नाही त्याची जागा रिकामी सोडावी, कारण आपण शोभेसाठी मांडलेल्या खोट्या पायरीवर पाय दुसऱ्याचा अडकतो.